‘क्लस्टर बघून घेईल’ : एका लाडक्या मताचे खंडन

हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये सध्या एक मत सिद्धान्ताच्या थाटात वावरते आहे. ॲप्लिकेशन एकदा कंटेनरमध्ये घातले की लिहिणाऱ्याचे काम संपले, असे हे मत. ते कोणत्या यंत्रावर चालेल, त्याला किती मेमरी मिळेल, ते कधी बंद होऊन दुसरीकडे उभे राहील, ही सगळी काळजी कंटेनरांचा क्लस्टर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसची. ॲप्लिकेशनला क्लस्टरचा पत्ताच नसणे हेच म्हणे चांगल्या रचनेचे लक्षण. परदेशी बँकांची, विमा कंपन्यांची जुनी सॉफ्टवेअर उचलून क्लाउडवर नेण्याची कामे राजीव गांधी इन्फोटेक पार्कात बारमाही चालतात, आणि त्यांच्या प्रस्तावांत ‘लिफ्ट अँड शिफ्ट’ हे शब्द याच मताच्या भरवशावर लिहिले जातात. डिझाइन रिव्ह्यूत कोणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेले असते : ‘ते प्लॅटफॉर्म टीम बघेल.’

हे मत मला मान्य नाही. ते अपुरे आहे म्हणून नव्हे, ते उलटे आहे म्हणून. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो आधी दुबळा करायचा आणि मग पाडल्याचा आनंद मानायचा, यात काय हशील?

पूर्वपक्ष असा. ज्याला व्याजाची आकारणी कळते त्याने व्याजाचा कोड लिहावा, ज्याला यंत्रे कळतात त्याने यंत्रे सांभाळावीत. ‘माझ्या मशीनवर तर चालते’ या वाक्यावरून डेव्हलपर आणि ऑपरेशन्स यांच्यात होणारी रोजची भांडणे कंटेनरने मिटवली, ती याच वाटणीमुळे. आता ॲप्लिकेशनच पुन्हा ‘मी कुठे आहे, इथे जागा किती’ असे विचारू लागले तर मिळवले काय? शिवाय कोडमध्ये कुबरनेटिस शिरले की तो कोड कुबरनेटिसचा बंदा झाला. उद्या दुसरे काही आले की सगळे नव्याने लिहा. पैशाचा मुद्दा तर उघडच आहे. ग्राहक स्थलांतराचे पैसे देतो, पुनर्लेखनाचे नाही, आणि जुन्या कोडला हात लावला की रिग्रेशन टेस्टिंग पहिल्यापासून. सर्वांत मोहक युक्तिवाद शेवटचा : पडलेले पुन्हा उभे करणे हे कुबरनेटिसचे कामच आहे, मग ॲप्लिकेशनने वेगळे ते काय करायचे? जोडीला आधारही दिले जातात. हेरोकूच्या ॲडम विगिन्सने २०११च्या सुमारास मांडलेली ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ सूत्रे, आणि जावा-गोसारख्या भाषांच्या रनटाइमना अलीकडे आलेली कंटेनरची जाण.

यातला एकही मुद्दा पोकळ नाही. म्हणूनच एकेकाला उत्तर देणे भाग आहे.

आरंभ त्यांच्याच आवडत्या दाखल्यापासून करू. चाकणहून निघालेला कंटेनर न्हावा शेव्याला जहाजावर चढतो. आत गिअरबॉक्स आहेत की कांदे, जहाजाला त्याचे काय? १९५६ साली माल्कम मॅक्लीनने अमेरिकेत पहिला कंटेनरांचा फेरा केला तेव्हापासून जगाचा व्यापार याच बेफिकिरीवर उभा आहे, असे सांगितले जाते. दाखला सुरेख आहे. फक्त तो अर्धा सांगितला जातो. १ जुलै २०१६ पासून, सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमानुसार, भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जाहीर केल्याखेरीज तो जहाजावर चढवताच येत नाही; कारण खोट्या वजनाची एक पेटी सगळी थप्पी कोसळवू शकते. थंड माल असेल तर यार्डात आणि जहाजावर विजेची जोडणी लागते, आणि ती लागणार हे आधी कळवावे लागते. ज्वालाग्राही माल असेल तर तसे घोषित करावे लागते आणि त्यावरून पेटीची जागा ठरते. म्हणजे पेटी बंद असते, मुकी नसते. कुबरनेटिसमध्ये वजनाच्या त्या कागदाला ‘रिसोर्स रिक्वेस्ट’ म्हणतात. आपल्याकडच्या कित्येक यामल फाइलींत ती एक तर रिकामी असते, नाही तर शेजारच्या प्रोजेक्टमधून जशीच्या तशी उचललेली.

आता इतिहासाची साक्ष काढू. कुबरनेटिस गूगलने जून २०१४ मध्ये जाहीर केले, त्याची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. त्याचा पूर्वज म्हणजे गूगलच्या आत चालणारी ‘बोर्ग’ ही व्यवस्था. बोर्गवरचा निबंध अभिषेक वर्मा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच प्रसिद्ध केला. तो उघडून पाहावा. बोर्गवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कामात स्वतःचा छोटा एचटीटीपी सर्व्हर अंगभूत असे. आपली तब्येत कशी आहे, हे काम स्वतःच त्यावरून कळवत असे आणि हजारो मोजमापे बाहेर मांडत असे. हुसकावून लावण्याआधी आपल्याला सिगटर्म हा सिग्नल मिळावा अशी मागणी काम करू शके, म्हणजे हातातल्या विनंत्या पुऱ्या करायला, नव्या नाकारायला, स्थिती जपून ठेवायला अवधी मिळे. आणि ही पूर्वसूचना प्रत्यक्षात सुमारे ८० टक्के वेळाच पोचत असे, हेही निबंधात नोंदलेले आहे. म्हणजे उरलेल्या वेळी सूचना न मिळताही सावरण्याची तयारी कामात असावी लागे. ज्यांच्या घरात ही कल्पना जन्मली, त्यांनी अजाण ॲप्लिकेशन कधी गृहीत धरले होते? नव्हते. अजाणतेचे तत्त्वज्ञान नंतरचे आहे. ते अभियांत्रिकीतून आले नाही, विक्रीच्या स्लाइडींतून आले.

आता मेमरी. येथे थोडे थांबावे लागेल, कारण पूर्वपक्षाचे सगळे गृहीत इथेच उघडे पडते. कंटेनर ही स्वतंत्र यंत्रणा नव्हे. तो लिनक्सवरचा साधा प्रोसेसच. त्याच्याभोवती ‘सीग्रुप’ नावाची मर्यादा आखलेली असते इतकेच. गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मधून सर्वांना मिळाले. मर्यादा कर्नल पाळतो. पण प्रोसेसने नुसते ‘यंत्रात मेमरी किती’ असे विचारले तर उत्तर सगळ्या यंत्राचे मिळते. जावा ८ आली मार्च २०१४ मध्ये. तिला ही मर्यादा पाहताच येत नव्हती. ६४ जीबीच्या नोडवर (क्लस्टरमधल्या यंत्रावर) २ जीबीची मर्यादा घालून जुनी जावा चालवली की ती सवयीप्रमाणे यंत्राच्या एक चतुर्थांश, म्हणजे १६ जीबीपर्यंत हीप वाढवायला मोकळी आहे असे समजते. दोन जीबी ओलांडले की कर्नल तिला मारतो. जावाचा आऊटऑफमेमरी एरर नाही, हीप डम्प नाही, लॉगमध्ये शेवटची ओळसुद्धा नाही. मागे राहतो तो ‘ओओएमकिल्ड’ हा शेरा आणि एक्झिट कोड १३७.

पूर्वपक्ष म्हणेल, हे जुने झाले. जावा १० मध्ये, मार्च २०१८ ला, कंटेनरची जाण आली आणि त्याच वर्षी ८यू१९१ मधून ती जावा ८ लाही मिळाली. खरे आहे. पण ती जाण सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीची होती. दुसरी आवृत्ती ओळखणे जावा १५ ला जमले, आणि जावा ८ मध्ये ते ८यू३७२ बरोबर, २०२३ साली आले. मधल्या काळात प्लॅटफॉर्म टीमने नोडची ऑपरेटिंग सिस्टीम बदलून सीग्रुप व्ही२ आणले, तेव्हा काल डोळस असलेली जावा आज पुन्हा आंधळी झाली. कोडची एक ओळ बदललेली नाही, इमेज तीच. मग दोष कोणाचा? प्लॅटफॉर्म टीमचा म्हणाल, तर तिने जे केले ते योग्यच होते. ॲप्लिकेशनचा म्हणाल, तर त्याला काही ठाऊक असू नये हे तुमचेच म्हणणे.

आणि डोळस जावासुद्धा विचार करायला लावते. २ जीबीच्या पॉडमध्ये, म्हणजे कुबरनेटिस कंटेनर ज्यात चालवते त्या एककात, ती हीपची कमाल मर्यादा एक चतुर्थांश, म्हणजे ५१२ एमबी धरते. ‘मॅक्सरॅमपर्सेंटेज’ सांगितले नाही तर भाड्याच्या जागेतला मोठा भाग रिकामा पडतो. सीपीयूची मर्यादा १ ठेवली तर ती हे यंत्र ‘सर्व्हर’ दर्जाचे नाही असे ठरवून मुकाट्याने सीरियल गार्बेज कलेक्टर निवडते. महिनोन्महिने लोड टेस्टिंग जी१ या कलेक्टरवर झालेले असते, उत्पादनात मात्र दुसराच कलेक्टर चालतो. हा निर्णय कोणी घेतला? आर्किटेक्टने नाही, टेस्टरने नाही. यामलमधल्या एका आकड्याने घेतला. तेव्हा ॲप्लिकेशनने क्लस्टरशी जुळवून घ्यावे की नाही, हा वादच खोटा आहे. ते जुळवून घेतेच आहे. तुम्हाला कळवून की न कळवता, एवढाच प्रश्न उरतो.

सीपीयूचेही तेच. लिनक्सचा शेड्यूलर कोटा मोजतो तो १०० मिलिसेकंदांच्या फेऱ्यांत. मर्यादा एक सीपीयू, नोड १६ कोअरचा, आणि रनटाइमने १६ कोअर पाहून १६ थ्रेड सोडले, तर सगळे थ्रेड कामात असताना कोटा ६.२५ मिलिसेकंदांत संपतो. उरलेले ९३.७५ मिलिसेकंद ॲप्लिकेशन जागच्या जागी गोठलेले. डॅशबोर्डवर सीपीयूचा वापर मर्यादेपलीकडे गेलेला दिसत नाही, ग्राहकाला मात्र प्रत्येक विनंती अडखळताना दिसते. गो भाषेत हीच अडचण इतकी जाचक होती की उबरने त्यासाठी वेगळी लायब्ररी लिहिली. खुद्द गोने कंटेनरची सीपीयू-मर्यादा आपणहून ओळखायला ऑगस्ट २०२५ ची १.२५ आवृत्ती उजाडावी लागली. रनटाइम शहाणे होत आहेत, हे मान्य. पण त्यांना शहाणे करावे लागले, हाच माझ्या पक्षाचा पुरावा नव्हे काय?

‘कुबरनेटिस आपोआप बरे करते’ म्हणतात, त्याला मी उपचार म्हणत नाही. ते पुन्हा सुरू करते, एवढेच. ज्या कारणाने प्रोसेस मेला ते कारण तसेच असेल तर तो पुन्हा मरतो. मग कुबरनेटिस १० सेकंद थांबते, मग २०, मग ४०, असे पाच मिनिटांपर्यंत. या अवस्थेला ‘क्रॅशलूपबॅकऑफ’ हे भारदस्त नाव आहे. शिवाय कोणाला पुन्हा सुरू करायचे हे कुबरनेटिसला सांगतो कोण? लाइव्हनेस प्रोब. आणि प्रोबला उत्तर देतो कोण? ॲप्लिकेशन! अनेक ठिकाणी या प्रोबमध्ये डेटाबेसचीही चौकशी घातलेली असते. नेहमीची मांडणी अशी, की दर १० सेकंदांनी विचारायचे आणि तीनदा नकार आला की मारायचे. डेटाबेस अर्धा मिनिट अडखळला की ठणठणीत असलेले सगळे पॉड एकदम मारले जातात. नंतर सगळे एकदम उठून त्याच थकलेल्या डेटाबेसवर तुटून पडतात. ‘मी जिवंत आहे’ आणि ‘मी आत्ता काम घेऊ शकतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यांतला फरक ज्याने कोड लिहिला त्यालाच माहीत. प्लॅटफॉर्म टीम कितीही कुशाग्र असली तरी तो बाहेरून ओळखू शकत नाही.

आता बंद होण्याचा प्रश्न घेऊ. समजा, चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्याला सुटे भाग पुरवणारा कारखानदार आहे. ट्रक निघण्याआधी तो पोर्टलवर डिस्पॅचची आगाऊ सूचना, म्हणजे एएसएन, भरतो. त्याने सबमिट दाबले आणि नेमक्या त्याच क्षणी पोर्टलची नवी आवृत्ती चढत होती. कुबरनेटिसने जुन्या पॉडला सिगटर्म पाठवला. पण त्या इमेजमध्ये जावा सुरू होते एका शेल स्क्रिप्टमधून, आणि स्क्रिप्टमध्ये जावाच्या आधी ‘एक्झेक’ लिहायचे राहिले आहे. सिग्नल शेलला मिळाला, जावापर्यंत पोचलाच नाही. ३० सेकंद सरले. सिगकिल. सूचना अर्धी नोंदली गेली : हेडर आहे, लाइन आयटम नाहीत. ट्रक गेटवर, सिक्युरिटी म्हणते एएसएन दिसत नाही, ड्रायव्हर म्हणतो माझ्याकडे इनव्हॉइस आहे. या प्रसंगात कुबरनेटिसने काय चुकवले? काहीही नाही. त्याने सूचना दिली, मुदत दिली, मग दार लावले.

सिग्नल नीट पोचला तरी गोष्ट संपत नाही. पॉडचे नाव सर्व्हिसच्या यादीतून काढणे आणि त्याला सिगटर्म देणे या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. कोणती आधी पुरी होईल याची हमी नाही. म्हणून सिगटर्म मिळाल्यावरही क्षणभर नव्या विनंत्या येत राहतात. ॲप्लिकेशनने लगेच दुकान मिटले तर त्या तुटतात. थोडे थांबायचे, तेवढ्यात येतील त्या घ्यायच्या, हातातल्या पुऱ्या करायच्या, मग जायचे. आणि ज्या ट्वेल्व्ह-फॅक्टर सूत्रांचा पूर्वपक्ष आधार घेतो, त्यांतले नववे सूत्र काय सांगते? झटपट सुरू व्हा, सिगटर्म मिळताच शिस्तीत बंद व्हा. म्हणजे त्यांचा साक्षीदार उलटतपासणीत आमच्या बाजूने बोलतो.

‘एकाचे तीन करा, भार वाढला की दहा करा’ हेही असेच सोपे वाटते. रात्री बारा वाजता व्याज जमा करणारे काम ॲप्लिकेशनच्या आतच शेड्यूल केलेले असेल, तर तीन पॉड म्हणजे तीन वेळा व्याज. खातेदार तक्रार करणार नाही, ऑडिटर करील. डेटाबेसमध्ये कुलूप ठेवा किंवा ते काम वेगळे काढा, पण ‘मी एकटा नाही’ ही जाणीव कोडला हवीच. कनेक्शनचा हिशेब तर बोटांवर होतो. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन देतो, त्यांतली ३ सुपरयूजरसाठी राखीव, उरली ९७. जावातला लोकप्रिय हिकारी पूल, काही न सांगितल्यास, प्रत्येक पॉडमागे १० धरून ठेवतो. नऊ पॉडपर्यंत सगळे गोड. दहाव्याला ७ मिळतात आणि ३ वेळा नकार. भार वाढला म्हणून पॉड वाढवले, आणि नेमक्या त्या घटकेला डेटाबेसने दार अडवले.

साइडकार आणि सर्व्हिस मेश, म्हणजे ॲप्लिकेशनशेजारी बसून त्याच्या विनंत्यांची ने-आण करणारे थर, यांच्यावर भार टाकणाऱ्यांना एकच प्रश्न. तुटलेली विनंती मेश पुन्हा पाठवू शकेल, हे खरे. पण ती विनंती पैसे वळते करण्याची असेल तर दोनदा वळते होऊ नयेत हे कोण पाहणार? ते उत्तर मेशकडे नाही.

राहिला बांधिलकीचा आक्षेप. तो सर्वांत गंभीर वाटतो आणि सर्वांत लवकर विरघळतो. वर ज्या ज्या गोष्टी मागितल्या त्यांतली कुबरनेटिसची खासगी मालमत्ता कोणती? सिगटर्म ही युनिक्सची रीत, कुबरनेटिसपेक्षा कितीतरी जुनी. साध्या लिनक्सवरची सिस्टमडीसुद्धा सर्व्हिस थांबवताना आधी सिगटर्मच देते, मुळात ९० सेकंद वाट पाहते, मग सिगकिल. सीग्रुप लिनक्सचे. तब्येतीचे उत्तर साध्या एचटीटीपीवर. एकच काम दोनदा होऊ न देणे हा तर हिशेबाचा धर्म, क्लस्टर असो वा नसो. असे वागणारे ॲप्लिकेशन उद्या नुसत्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवले तरी अधिक चांगले चालेल. याला बांधिलकी कसे म्हणावे?

येथे पूर्वपक्षाला एक गोष्ट मोकळेपणाने दिली पाहिजे. व्यवहाराच्या कोडमध्ये कुबरनेटिसच्या एपीआयला थेट हाका मारणे, पॉडच्या नावावरून व्यवसायाचे निर्णय घेणे, हे वाईटच. पॉडला आपले नाव किंवा मर्यादा कळावी लागलीच, तर डाउनवर्ड एपीआयने ती साध्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावी. कोडला ती कोठून आली हे कळण्याची गरज नाही. भोवतालाची जाण वेगळी, यजमानाची गुलामी वेगळी. पूर्वपक्ष दुसरीला घाबरून पहिली नाकारतो.

आणि पैसा? स्प्रिंग बूटमध्ये शिस्तीत बंद होण्याची सोय आणि लाइव्हनेस-रेडीनेसची वेगळी उत्तरे मे २०२० च्या २.३ आवृत्तीपासून आहेत. बंद होण्याची सोय त्या आवृत्तीतही कॉन्फिगरेशनच्या एका ओळीत सुरू होते. स्क्रिप्टमधला ‘एक्झेक’ हा एक शब्द आहे. पूलचा आकार हा एक आकडा आहे. यासाठी पुनर्लेखनाचा बागुलबुवा उभा करण्याचे कारण नाही. ज्याचा सोर्स कोडच हाताशी नाही, विक्रेता नाहीसा झाला आहे, असे सॉफ्टवेअर असेल तर ते व्हर्च्युअल मशीनवरच राहू द्यावे. त्यात काहीही कमीपणा नाही. पण प्रस्तावात वाचवलेला तो आठवडा पुढे मध्यरात्रीच्या ब्रिज कॉलवर व्याजासकट फेडावा लागतो. तो मात्र कोणत्याही एस्टिमेटमध्ये धरलेला नसतो.

मी माझी बाजू मांडली. निकाल वाचकाने द्यावा, आणि तो माझ्या शब्दांवर विसंबून देऊ नये. उद्या स्टेजिंगवर नेहमीइतका भार सोडा, एक पॉड हाताने डिलीट करा आणि घड्याळ लावा. कमांड पूर्ण ३० सेकंद अडकून राहिली, तर तुमच्या ॲप्लिकेशनने सिग्नल ऐकलाच नाही. चटकन परतली पण भार सोडणाऱ्या टूलमध्ये ५०२ दिसले, तर ऐकला, पण हातातले काम टाकून पळाले. दोन्ही झाले नाही, तर त्या सर्व्हिसपुरता तुमचा पूर्वपक्ष खरा, आणि माझी हरकत मागे.